मुलांवर पहारा नको, मुलांच्या पाठीशी उभे राहा!

दिनांक १० जून २०१८. जामनेर तालुक्यातील वाकडी हे आमच्या पहूर पोलीस ठाण्याच्या हद्दीतले गाव. जूनचा उकाडा होता आणि मातंग समाजातील अल्पवयीन मुले एका खाजगी विहिरीत पोहायला उतरली. एवढाच त्यांचा गुन्हा. त्या मुलांना विवस्त्र करून मारहाण करण्यात आली आणि ही मर्दुमकी गाजवली जात असताना मोबाइलवर तिचे चित्रीकरणही करण्यात आले. त्या व्हिडिओत काय दिसत होते, ते आम्ही येथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी खुले केले. त्याला एक्क्याण्णव वर्षे झाली, तरी पाण्यात उतरलेल्या पोरांना मार खावा लागतो, हे पाहून कोणत्याही आंबेडकरी माणसाचे रक्त तापणारच. आमचेही तापले. व्हिडिओ पसरला, प्रकरणाला वाचा फुटली, पहूर पोलीस ठाण्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि पॉक्सो कायद्यासह गुन्हा दाखल झाला. विवस्त्र करणे हा जातीय अत्याचाराचा स्वतंत्र गुन्हा आहे, असे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. इथपर्यंत सारे योग्यच झाले.

परंतु वाचकहो, त्या तीन-चार दिवसांत आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. आमच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला आणि आम्ही तो जसाच्या तसा वीसेक ग्रुपवर पुढे पाठवला. खाली संतप्त मजकूर लिहिला, ‘जागे व्हा’ म्हणून हाक दिली. वकिलीची सनद खिशात आणि पॉक्सो कायद्याचे पुस्तक टेबलावर असताना, त्या मुलांचे चेहरे झाकावेत हे आम्हाला सुचलेही नाही. संध्याकाळी आमची सहावीतली मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, ती मुलं आता शाळेत कशी जातील? त्यांना विचारलं का कोणी, दाखवू का म्हणून?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. मारणाऱ्याने ज्या मोबाइलने त्या पोरांची अब्रू घेतली, त्याच व्हिडिओने आम्ही ती हजारो घरांत पोहोचवली होती. त्याचा हेतू नीच होता, आमचा चांगला होता. पण त्या पोरांच्या वाट्याला आले ते एकच. सगळ्या जगाने त्यांना त्या अवस्थेत पाहिले.

त्याच महिन्यात राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने काँग्रेसचे नेते राहुल गांधी यांना नोटीस पाठवली. वाकडीचा व्हिडिओ त्यांनी ट्विटरवर टाकला आणि त्यामुळे बालकांची ओळख उघड झाली, असे आयोगाचे म्हणणे होते. नोटिशीमागे राजकारण किती आणि कळकळ किती, हे ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवले. पण ज्या कायद्यावर ती नोटीस उभी होती, तो कायदा खोटा नव्हता. पॉक्सो कायद्याचे कलम २३ प्रसारमाध्यमांना पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात वा अन्य कोणत्याही संपर्कमाध्यमात देता येत नाही. दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात अत्याचारग्रस्तांची ओळख दुरान्वयानेही उघड होऊ नये, असे बजावले. ज्या कलमाने नेत्याला नोटीस येते, त्याच कलमाने वीस ग्रुपवर व्हिडिओ पाठवणाऱ्या वकिलालाही यायला हवी होती. आली नाही, म्हणून आम्ही निर्दोष ठरत नाही.

ही झाली गावची गोष्ट. आता घरातली गोष्ट बोलू. कारण वाकडीच्या व्हिडिओने जो प्रश्न चव्हाट्यावर आणला, तोच प्रश्न आता घराघरांत चार भिंतींच्या आत पेटला आहे. मुलाला जपायचे म्हणजे काय करायचे? त्याला झाकायचे, त्याच्यावर नजर ठेवायची, की त्याला विश्वासात घ्यायचे?

२०२० साली कोरोनाची टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाइलमध्ये शिरली. तोवर आमच्या वस्तीत मोबाइल बापाच्या खिशातली वस्तू होता. शाळेसाठी तो पोरांच्या हाती आला. कोणी कापसाच्या पैशातून घेतला, कोणी बचत गटाच्या कर्जातून, कोणी हप्त्यावर. पुढे शाळा उघडली, पण मोबाइल काही पोरांच्या हातून परत गेला नाही. अभ्यासासोबत खेळ आले, अनोळखी माणसे आली, खोटी खाती आली, धमक्या आल्या. पहूरच्या बसस्थानकावर सकाळी जामनेर-शेंदुर्णीकडे शिकायला निघालेल्या मुली पाहा, हातात दप्तर आणि मोबाइल दोन्ही. त्यांच्या आया-आजींच्या हातात यातले काहीच नव्हते. म्हणूनच घरच्यांना एकाचा अभिमान वाटतो आणि दुसऱ्याची भीती.

एके दिवशी वस्तीतला एक बाप आमच्याकडे आला. (मुलीची ओळख पटेल असा तपशील आम्ही वगळला आहे, काही बदलला आहे. तसे न केल्यास ज्याविरुद्ध लिहितो तेच आमच्या हातून घडेल.) खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, पोरीचा मोबाइल फोडून टाकला. दगडानं ठेचला.’’ कोणीतरी मुलीच्या फोटोवरून तिच्या नावाने खोटे खाते उघडले होते आणि ‘आणखी फोटो दे, नाहीतर गावभर करीन’ अशी धमकी तिला दिली होती. दोन महिने ती पोर हे सहन करत होती. बापाला कळले ते नात्यातल्या एकाकडून. आम्ही तिच्या आईसमोर मुलीला विचारले, ‘‘बाई, घरी का नाही सांगितलंस?’’ ती म्हणाली, ‘‘सांगितलं असतं तर मोबाइल गेला असता. मोबाइल गेला असता तर शाळा गेली असती.’’

पोरीचा हिशोब चुकीचा होता काय? घरात कळल्याच्या आठवड्यातच तिच्यासाठी स्थळ पाहण्याचे बोलणे सुरू झाले होते. त्या ठेचलेल्या मोबाइलमध्ये त्या नराधमाचे संदेश होते, तारीख-वेळेसह. ज्या पुराव्यावर आम्ही त्याला कोर्टात उभा केला असता, तो पुरावाच बापाने रागाच्या भरात दगडाखाली घातला. पोलिसांमार्फत कंपनीकडून नोंदी मागवण्याचा मार्ग असतो, पण तो लांबचा. गुन्हा करणारा कोण आणि शिक्षा कोणाला, याचा विचार त्या घरात कोणी केलाच नव्हता. बापाचे पोरीवर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. तिच्यासाठीच तो रात्रीचा दिवस करत होता. पण संकटात पोर पहिल्यांदा आपल्याकडे धावत येईल, एवढा विश्वास त्याने कमावलेला नव्हता.

जळगाव जिल्ह्याला हे दुखणे नवे नाही. १९९४ साली उघडकीला आलेले जळगावचे वासनाकांड आमच्या पिढीला चांगले आठवते. तेव्हा ना मोबाइल होता ना इंटरनेट. साधा कॅमेरा होता. पण त्या कॅमेऱ्यातल्या छायाचित्रांचा धाक घालून मुलींना छळले गेले, असे ते प्रकरण होते. राज्यभर गदारोळ झाला, बडे पोलीस अधिकारी तपासाला आले. तरीही तक्रार द्यायला पुढे आल्या त्या मोजक्याच. बाकीच्या तोंड मिटून बसल्या आणि अनेक आरोपी पुढे निर्दोष सुटले. त्या मुलींची तोंडे गुंडांनी जेवढी बंद केली, तेवढीच त्यांच्या स्वतःच्या घरांनी केली. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांनी जेवढे गुन्हेगार सोडवले, तेवढे कोणत्याही नामांकित वकिलाला सोडवता आले नसतील. तीस वर्षांत कॅमेऱ्याचा मोबाइल झाला. ते तीन शब्द मात्र जिथल्या तिथे आहेत.

आई-बापांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या समाजातल्या आई-बापांची तर नाहीच नाही. २०१४ साली अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा बळी गेला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. २०१७ साली त्यातले आरोपी निर्दोष सुटले. २०१५ साली शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचे गाणे वाजले, त्यावरून वाद झाला आणि एका तरुणाचा खून झाला. हे ज्याने ऐकले आहे त्या बापाला मुलाच्या मोबाइलवर कोणाचा संदेश आला, हे पाहावेसे वाटणारच. ज्या समाजात एका संदेशाने जीव जाऊ शकतो, तिथे ‘मुलांच्या खाजगी गोष्टीत डोकावू नका’ असे पुण्या-मुंबईच्या थाटात सांगून चालत नाही, हे आम्हाला कळते.

पण प्रामाणिकपणे एक प्रश्न स्वतःला विचारू या. मुलीचा मोबाइल आपण तपासतो तो तिला धोका आहे का हे पाहण्यासाठी, की ती कोणावर प्रेम करते हे पाहण्यासाठी? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे आणि ते टिकवण्यासाठी बाईवर बंधने घालावी लागतात. शंभर वर्षांपूर्वी ती बंधने उंबरठ्यावर होती. आज ती मोबाइलच्या पासवर्डवर आली आहेत. मुलाचा मोबाइल कोणी बघत नाही, मुलीचा मात्र भाऊही बघतो, चुलताही बघतो. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण नकळत जातीचीच राखण करत बसलो आहोत. विहारात समतेवर भाषण आणि घरी मुलीच्या मोबाइलवर पहारा, हे दोन्ही एका माणसाला शोभत नाही.

काहीजण म्हणतील, खाजगीपणा ही बंगल्यात राहणाऱ्यांची चैन आहे. आमच्या एका खोलीत सहा माणसे झोपतात, घरात मोबाइल एक आणि वापरणारे पाच, तिथे कसला खाजगीपणा? आम्ही उलट म्हणतो. खाजगीपणाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळावी? गावकुसाबाहेरच्या माणसाने काय खावे, काय नेसावे, भांडे कोणते वापरावे, लग्नाची वरात कुठून न्यावी, हे सारे गावाने पाहायचे आणि गावाने ठरवायचे. आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात गावाने न डोकावलेला एकही कोपरा नव्हता. त्यालाच अस्पृश्यता म्हणत. म्हणून खाजगीपणा म्हणजे वेगळी खोली नव्हे. एका खोलीतही दुसऱ्याचे पत्र न वाचण्याची सभ्यता पाळता येते. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे आणि प्रतिष्ठा हा शब्द बाबासाहेबांच्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले की खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ साली मान्यता दिली. त्या संहितेचे कलम १६ मुलाच्या खाजगी जीवनात मनमानी ढवळाढवळ करण्यास मनाई करते आणि कलम १२ मुलाचे म्हणणे ऐकून घ्यायला सांगते. म्हणजे मूल हे आई-बापाची मालमत्ता नाही. ते छोटे असले तरी नागरिक आहे.

मग सरकारने बंदी घालावी काय? ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आहे. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्याच्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे. मुलांचा माग काढण्यास, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास या कलमाने मनाई आहे. हा दुसरा भाग आम्हाला मोलाचा वाटतो. पहिल्या भागाबद्दल मात्र एक शंका आहे. जिला घरातूनच त्रास आहे, त्या मुलीने मदत मागायला कोणाची संमती आणायची? आणि जी पाळत ठेवायला संसद कोट्यधीश कंपन्यांना मनाई करते, तीच पाळत आपण घरात प्रेमाच्या नावाने ठेवावी काय?

महाराष्ट्रातलीच दोन गावे पाहा. २०२२ साली यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घराघरांतला टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरांचाही आणि थोरांचाही. दोन्ही गावांची कळकळ एकच आहे. पण पहिल्या ठरावात मूल आरोपी आहे आणि मोठी माणसे न्यायाधीश. दुसऱ्या गावात नियम सर्वांना सारखा. बाप स्वतः मोबाइल खाली ठेवतो, तेव्हाच पोराला ‘ठेव’ म्हणण्याचा अधिकार त्याला मिळतो. आमचे मत विचाराल तर आम्ही भोंग्याच्या बाजूचे.

तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलाला, उपदेश केला तो मज्झिम निकायात आहे. तथागत राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? स्वतःकडे पाहण्यासाठी. मग काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यावर तसेच स्वतःकडे पाहा. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय ते तपास. आणि चूक झालीच असेल तर ती जाणत्या माणसापाशी उघडपणे सांग. राहुलावर तथागतांनी भिक्खूंचा पहारा बसवला नाही, त्याच्या हाती आरसा दिला. आणि चूक सांगायला यायचे दार उघडे ठेवले. मोबाइलच्या काळात याहून चांगला उपदेश आम्हाला तरी सापडलेला नाही.

बाबासाहेबांच्या बालपणीची एक आठवण आहे, ती त्यांनी स्वतःच पुढे सांगितली. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे म्हणून त्यांनी आत्याची पैशांची पिशवी पळवण्याचा खटाटोप केला. काही रात्रींच्या प्रयत्नांनंतर हाती आला तो अर्धा आणा. मग तो नाद सोडून ते अभ्यासाला लागले. पोरपणीची चूक पोरपणीच संपली आणि ती जगाला सांगायची की नाही, केव्हा सांगायची, हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहिला. आजचे पोर चुकले तर चूक कोणाच्या तरी मोबाइलमध्ये कायमची बसते. म्हणून आजच्या पोराला चूक पोटात घालणाऱ्या माणसांची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

आता आमच्या घरचे सांगतो. मुलगी दहावीत असताना एका रात्री ती झोपल्यावर आम्ही तिचा मोबाइल उघडून पाहिला. त्यात काही नव्हते. मैत्रिणींच्या गप्पा होत्या आणि बापाच्या ओरडण्याची थोडी नक्कल होती. सकाळी तिला कळले. ती भांडली नाही, रडली नाही, फक्त तीन आठवडे आमच्याशी कामापुरते बोलली. पोलिसांना घराची झडती घ्यायची तर कारण लिहावे लागते, पंच लागतात, पंचनामा लागतो आणि नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तर चित्रीकरणही लागते. आरोपीला जेवढा मान कायदा देतो, तेवढाही आम्ही पोटच्या पोरीला दिला नव्हता. शेवटी तिच्या आजीने तोड काढली. मुलीने पासवर्ड कागदावर लिहून लिफाफ्यात घालून चिकटवायचा आणि लिफाफा बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवायचा. जिवावर बेतणारे काही घडले, मुलगी वेळेत घरी आली नाही, तरच तो उघडायचा. एरवी उघडायची गरज वाटली तर कारण सांगून, तिच्या समोर आणि लागेल तेवढेच पाहायचे. ती पासवर्ड बदलेल तेव्हा लिफाफाही बदलेल. तो लिफाफा आजवर एकदाही उघडावा लागला नाही.

सर्व वयांना एकच नियम लावता येत नाही, हेही खरे. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हाती मोबाइल द्यायचा तर तो आपल्या डोळ्यांसमोर, सर्वांच्या बसण्याच्या जागी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढे वेळेचे आणि अनोळखी माणसांबाबतचे नियम पोराशी बोलून ठरवावेत, आणि जी बंधने मोबाइलमध्ये टाकली ती त्याला सांगून टाकावीत. पंधरा-सोळाच्या मुलामुलींच्या मोबाइलमध्ये चोरून हेरगिरीचे ॲप बसवणे आम्ही निषिद्ध मानतो. मुलासाठी एक नियम आणि मुलीसाठी दुसरा, हे तर कोणत्याही वयात नको.

आणि संकट आलेच तर? वकील म्हणून काही गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली म्हणजे, मूल सांगायला आले की ‘तूच का केलेस’ हा प्रश्न गिळून टाका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. दुसरी, मोबाइल फोडू नका, संदेश पुसू नका, धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. तिसरी, मुलाचे नग्न छायाचित्र पुरावा म्हणूनही नातेवाइकांना, कार्यकर्त्यांना किंवा आम्हा वकिलांना पाठवू नका. असे चित्र बाळगणे आणि पसरवणे हाच गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले आहे. मोबाइल तसाच घेऊन पोलिसांकडे जा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, १९३० हा सायबर गुन्ह्यांचा, आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविषयीची अशी तक्रार नाव न सांगताही करता येते. ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा आहे. तिथे छायाचित्र कोणाकडेही न पाठवता, मोबाइलवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते चित्र शोधून हटवू शकतात.

चौथी गोष्ट नाजूक आहे. पोराला ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. शब्द देऊन मोडला तर पोर दुसऱ्यांदा येणार नाही. त्याऐवजी म्हणा, ‘तुला सांगितल्याशिवाय मी पुढचे पाऊल टाकणार नाही, आणि प्रत्येक पावलाला तुझ्यासोबत राहीन.’ हा शब्द पाळता येतो. शाळांत २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती असायला हवी. आपल्या गावच्या शाळेत ती आहे काय, कागदावर आहे की कामावर, हे पालकांनी जाऊन विचारावे.

शेवटी आपल्या चळवळीविषयी. अत्याचाराचे व्हिडिओ ही आज चळवळीची गरज झाली आहे, हे आम्ही नाकारत नाही. पूर्वी ‘असे घडलेच नाही’ म्हणून प्रकरण दाबले जाई, आता व्हिडिओमुळे ते दाबता येत नाही. वाकडीत तेच झाले. पण व्हिडिओ तपास अधिकाऱ्याकडे आणि न्यायालयात जसाच्या तसा जावा. लोकांपुढे जाताना त्यातले मूल झाकलेले असावे, नाव-गल्ली-शाळा काढलेली असावी, आणि शक्य असेल तर मुलाला व त्याच्या आईला आधी विचारलेले असावे. मोर्चाच्या फलकावर पीडित बालकाचा फोटो छापणे थांबवावे. अत्याचार करणाऱ्याने कपडे काढले. निदान आपण तरी अंगावर पांघरूण घालायला जाऊ या. आपला लढा माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे, मग त्या लढ्यात आपल्याच लेकरांची प्रतिष्ठा इंधन म्हणून का जाळायची?

वाकडीची ती मुले आता मोठी झाली असतील. कुठे शिकत असतील, कुठे कामाला असतील. त्यांना आम्ही शोधत गेलो नाही आणि जाणारही नाही. त्यांना विसरू देण्याचा हक्क आहे. तो व्हिडिओ आम्ही आमच्या मोबाइलमधून पुसला, ज्या ग्रुपवर पाठवला होता तिथे पुसण्याची विनंती केली, काहींनी ऐकले, काहींनी नाही. एकदा सुटलेला बाण परत येत नाही. म्हणून या मुलांची आम्ही येथे जाहीर क्षमा मागतो. आणि वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती करतो की आज रात्री मुलाच्या मोबाइलला हात लावण्याआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि दिवस कसा गेला ते विचारा. उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही, पण दुसऱ्या दिवशीही विचारा.